शीड कधी आखडावे?

मराठीचा प्राध्यापक आणि शिडाची होडी यांचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडला तर त्यात वाचकांचा दोष नाही. तो मलाही अधूनमधून पडतो. गेली वीस वर्षे मी वर्गात शीड, सुकाणू, नांगर, किनारा हे शब्द शिकवीत आलो, पण ते सगळे रूपकातले. संसाराचे सुकाणू आणि आशेचे शीड. आमचे मूळ घर सोलापूरकडचे. तिकडे पाण्याचा संबंध विहिरीच्या रहाटाशी, आणि वारा म्हणजे उफणणीच्या वेळी लागणारी वस्तू. खऱ्या शिडाला मी हात लावला तो वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, आणि तोही मेहुण्यांमुळे.

हे मेहुणे म्हणजे हिचे थोरले बंधू. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणतो. मालवाहू जहाजांवर उमेदीची सगळी वर्षे काढून ते निवृत्त झाले. जमिनीवर परतलेला दर्यावर्दी एकतर बाग करतो नाहीतर पत्ते खेळतो, अशी माझी समजूत होती. दादांनी यांपैकी काहीच केले नाही. दोन मित्रांबरोबर भागी करून त्यांनी एक जुनी, तीस फूट लांबीची शिडाची होडी घेतली. शर्यतीची नव्हे, सफरीची. पोटात चार माणसे निजतील एवढी खोली, एक गॅसची शेगडी, अडीनडीला एक लहानसे इंजिन आणि डोलकाठीवर दोन शिडे. पावसाळा सरला की ही होडी गेटवेसमोरच्या पाण्यात नांगरलेली असते, आणि रविवारी सकाळी दादांचा फोन येतो. पेपर तपासायचे आहेत, ही सबब त्यांच्यापुढे चालत नाही. “गठ्ठा घेऊन या, मास्तर. हवा चांगली लागली की मार्क सढळ पडतात!”

पहिल्याच दिवशी त्यांनी मला शीड कमी कसे करायचे ते दाखवले. मोठे शीड डोलकाठीच्या मागे असते आणि त्याची खालची कड एका आडव्या काठीला धरून असते. या शिडाला खालून दोन पातळ्यांवर भोकांच्या आडव्या रांगा असतात. वारा वाढला की शीड डोलकाठीवरून हातदीड हात खाली सोडायचे, वरच्या रांगेची दोन्ही टोके आडव्या काठीशी आवळायची आणि मधला मोकळा पट्टा गुंडाळून बांधून टाकायचा. मुलीच्या परकराला वाढत्या अंगासाठी आत घडी घालून टीप मारतात, तसलाच प्रकार. कापड तेवढेच राहते. वाऱ्याला सापडणारे तेवढे कमी होते. पुढचे शीड तर त्याहून सोपे. दोरी ओढली की ते चटईसारखे स्वतःभोवती गुंडाळत जाते.

याला इंग्रजीत रीफ म्हणतात. शब्द दिसला की त्याचे मूळ खणायचे ही आमच्या धंद्यातली खोड. हा शब्द उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ बरगडी. गंमत अशी की समुद्रातल्या ज्या खडकांच्या रांगेवर होड्या फुटतात, तिलाही इंग्रजीत रीफच म्हणतात, आणि तो शब्दही त्याच बरगडीतून निघालेला आहे. मराठीत मी आपला माझ्यापुरता ‘शीड आखडणे’ असा प्रयोग योजला. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ज्याला हात आखडता घ्यावा लागतो, त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दादांनी माझा प्रयोग ऐकला, मान डोलावली, आणि पुढेही रीफच म्हणत राहिले.

“वारा वाढला की शीड कमी करायचं,” मी म्हटले, “यात शिकण्यासारखं फारसं काही दिसत नाही.”

“कसं करायचं ते अर्ध्या तासात शिकाल, मास्तर,” दादा म्हणाले. “केव्हा करायचं ते मात्र मी अजून शिकतोय.”

हे मला विनयाचे बोलणे वाटले. आमच्याकडे निरोपसमारंभात अशी वाक्ये पुष्कळ ऐकू येतात.

अडचण अशी आहे की वाऱ्याचा हिशेब आपल्या नेहमीच्या हिशेबासारखा सरळ चालत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी १० सागरी मैलांचा, म्हणजे १० नॉटांचा वारा सुखाचा असतो. त्याचे २० झाले म्हणजे चार होड्यांना पुरेल एवढा जोर एका होडीवर येतो. १० चे नुसते १४ झाले तरी दाब जवळजवळ दुप्पट. या चार नॉटांचा फरक गालाला धड जाणवतही नाही.

दुसरी मेख याहून चमत्कारिक. ‘वारा पाहून पाठ द्यावी’ असे आपण म्हणतो. समुद्रावर नेमका पाठीवर घेतलेला वाराच माणसाला फसवतो. वारा ज्या दिशेला चालला आहे त्याच अंगाला होडी धावत असली, की तिच्या स्वतःच्या वेगाएवढा वारा अंगाला लागतच नाही. आगगाडी आपल्याच दिशेने जाणाऱ्या दुसऱ्या गाडीला गाठत असली तर ती गाडी जशी रेंगाळल्यासारखी वाटते, तसे हे. प्रत्यक्षात २० नॉटांचा वारा असतो, पण मागून तिरका येत असल्यामुळे होडीतल्या माणसाला तो १६ च्या आसपास लागतो. तीच होडी वाऱ्याच्या तोंडाला वळवली की तोच वारा २४ होऊन अंगावर येतो. म्हणजे शिडावरचा दाब सव्वादोन पट. वारा होता तिथेच असतो. वळलेले असतो आपण. हे सगळे मी नंतर कागदावर मांडून पाहिले. नंतर, हा शब्द इथे महत्त्वाचा आहे.

कागदावरून आठवण झाली. वाऱ्याचा जोर मोजायची जी पट्टी आज जगभर चालते, ती ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्ट या अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमारास तयार केली. शून्यापासून बारापर्यंत. चार्ल्स डार्विनला घेऊन ‘बीगल’ जहाज १८३१ साली निघाले, तेव्हा त्या सफरीत ही पट्टी पद्धतशीर वापरली गेली. मला त्यातली जी गोष्ट फार आवडली ती अशी, की ब्यूफोर्टने वारा मैलांत मोजलाच नव्हता. या वाऱ्यात लढाऊ जहाजाला किती शीड पेलेल, हेच त्याचे माप. अमुक वाऱ्याला शिडाची एक घडी, त्याच्या वरच्याला दोन, मग तीन, आणि बाराव्या पायरीला कोणतेच कापड टिकणार नाही असा वारा. आज या पट्टीत लाटांच्या खुणाही दिलेल्या असतात. चौथ्या पायरीला, म्हणजे ११ ते १६ नॉटांना, लाटांच्या माथ्यावर बऱ्याच ठिकाणी पांढरा फेस दिसू लागतो. पाचव्या पायरीला, १७ ते २१ नॉटांना, जिकडे पाहावे तिकडे फेसच. दादांनी हा तक्ता खोलीच्या दारामागे चिकटवला होता आणि मी तो पाठ केला होता. पाठांतराला आपण कुणाला हार जाणार नाही.

आता त्या रविवाराकडे येतो. एप्रिलचा दुसरा रविवार होता. आमच्या धाकटीची परीक्षा नुकतीच संपली होती. ती अकरा वर्षांची. “मला होडीत न्यायचं कबूल केलं होतंत” म्हणून तिने आठवडाभर टुमणे लावले होते. सकाळचे मतलई वारे पडून गेले होते. साडेबाराला आम्ही निघालो तेव्हा पाणी काचेसारखे होते, आणि तासाभरात वायव्येकडून खारा वारा सुटला. मुंबईच्या समुद्रावर उन्हाळ्यात हे रोजचेच. दुपारी वारा सुरू होतो, चारच्या सुमाराला भर घेतो आणि दिवस मावळताना ओसरतो. बेत असा होता, की या वाऱ्यावर दक्षिणेला खांदेरीच्या दीपस्तंभापर्यंत जायचे आणि संध्याकाळच्या आत परतायचे. खांदेरी गेटवेपासून तेरा सागरी मैलांच्या आसपास आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ साली तिथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली होती, हे मी धाकटीला वाटेत सविस्तर सांगितले. तिने ते सोसले.

वारा उजव्या खांद्यामागून येत होता. होडी वारा प्यालेल्या वासरासारखी पळत होती. दादांनी दही-पोहे खाल्ले, सुकाणूचा दांडा माझ्या हाती दिला आणि म्हणाले, “मी जरा वामकुक्षी करतो. खांदेरी आडवी आली की उठवा. आणि वारा वाढला तर त्याआधी हाक मारा. रीफ घ्यावी का, असं मनात आलं, की त्याच क्षणी हाक मारायची.” माझी ही दुसऱ्या वर्षीची सफर होती; त्यांना माझा भरवसा वाटू लागला होता. खाली जाताना त्यांनी धाकटीच्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले, आणि तिच्या पट्ट्याच्या दोरीचा आकडा होडीच्या कडीत अडकवला. एरवी मी याला दादांचा अतिरेक म्हणत असे.

तीन वाजता पहिले पांढरे तुरे दिसले. सव्वातीनला ते बऱ्याच ठिकाणी होते. सुकाणूचा दांडा आता हाताला ओढू लागला होता. शीड गरजेपेक्षा जास्त झाले की होडी आपले तोंड आपोआप वाऱ्याकडे फिरवू पाहते आणि तिला सरळ ठेवायला दांडा जोराने धरावा लागतो, हे मला ठाऊक होते. तक्ता पाठ होता. मनात आले. एकदा नव्हे, तीनदा मनात आले.

मी हाक मारली नाही.

का मारली नाही, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. भीती वाटत नव्हती, हे एक कारण. फार छान चालले होते. होडी सात नॉटांनी पळत होती, एवढा वेग मी कधी पाहिला नव्हता, आणि धाकटी डाव्या बाजूला शिडाच्या सावलीत बसून ओरडून ओरडून गात होती. सुख चालू असताना ते आटोपते घ्यावे असे कुणाला वाटते? पण खरे कारण निराळे होते. महिन्यापूर्वी एकदा मी असाच दादांना झोपेतून उठवले होते. ते वर आले, वाऱ्याकडे पाहिले, काही न बोलता शीड कमी केले, आणि दहा मिनिटांत वारा पडला. दादा नंतर आमच्या घरी जेवताना हिला म्हणाले, “तुझ्या नवऱ्याला झुळूक आली तरी वादळ वाटतं!” सगळे हसले. धाकटीही हसली. मीही हसलो, पण ते मी विसरलो नव्हतो. आज तिच्यादेखत पुन्हा हाक मारायची माझी तयारी नव्हती.

साडेतीनच्या सुमारास समोर पाण्यावर कोळ्यांच्या जाळ्यांच्या तरंगत्या खुणा दिसल्या. त्यांच्यावरून होडी गेली असती तर जाळे फाटून कुणा गरिबाचे नुकसान झाले असते आणि आमचे सुकाणूही अडकले असते. डावीकडे जागा नव्हती. मी दांडा लोटून होडी उजवीकडे, पश्चिमेला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाला घेतली.

पुढचे वीसपंचवीस सेकंद मला नीट सांगता येणार नाहीत. वारा अंगावर आला तो हाताने ढकलल्यासारखा. होडी डाव्या कुशीवर पडली. डावी कड पाण्याखाली गेली आणि पाणी आम्ही बसतो त्या खोलगट जागेत घुसले. दांडा मी दोन्ही हातांनी धरला होता, पण होडी त्याला जुमानत नव्हती. धाकटी बसल्या जागेवरून घसरली. तिचे पाय, मग कमर, पाण्यात गेलेली मला दिसली. मग तिच्या पट्ट्याची दोरी ताठ झाली आणि ती तिथेच अडकून राहिली, कडेच्या तारेला धरून. ती ओरडली नाही. माझ्याकडे पाहत होती.

दादा अनवाणी वर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मोठे शीड आवरून धरणारा दोर त्यांनी एका झटक्यात सोडला. शीड फडफडू लागले, वारा गळून गेला आणि होडी उभी राहिली. त्यांनी धाकटीला आत ओढले. मग आम्ही शीड कमी करायला घेतले. अर्ध्या तासात शिकता येणारे, परकराच्या घडीसारखे सोपे ते काम! फडफडणाऱ्या शिडाचा आवाज इतका होता की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. खाली सोडलेले शीड अर्ध्यावर अडकले. ते ओढताना घडीच्या भोकापाशी वीतभर फाटले. दोर दादांच्या तळव्यातून सरकला आणि कातडे सोलून गेला. वारा कमी असताना जे पाच मिनिटांत झाले असते, त्याला आम्हाला पाऊण तास लागला, आणि त्या वेळात आम्ही थळच्या खडकाळ किनाऱ्याकडे बरेच वाहत गेलो.

शीड दोन्ही घड्यांनी आखडल्यावर मात्र एक आश्चर्य पाहिले. तोच वारा, त्याच लाटा. पण होडी शांतपणे, थोडीशी कलून, वाऱ्याच्या तोंडाला चालू लागली. वेगही फारसा कमी झाला नव्हता. आडवी पडलेली होडी धावत नाही, नुसती पाणी कापीत राहते. आणि तिला ओढून धरणारे सुकाणू लगामासारखे काम करते. शीड जास्त म्हणजे वेग जास्त, हे पाठीवर वारा असतानाचे गणित.

अंधार पडल्यावर आम्ही गेटवेला लागलो. धाकटीची एक चप्पल समुद्रात गेली होती. सगळ्या वाटेत ती एकच वाक्य बोलली. “बाबा, तुम्हाला आधीच कळलं होतं ना?” वर्गात कितीही अडचणीच्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकतो, असा माझा लौकिक आहे.

घरी हिने सगळे ऐकून घेतले. मला वाटले होते ती मला बोलेल. ती दादांना बोलली. “हे शिकाऊ आहेत, तू नाहीस. तू झोपलास कसा?” दादांनी हाताला पट्टी बांधून घेत मान खाली घातली आणि चूक माझी, म्हणाले. मग मी म्हणालो चूक माझी. असे थोडा वेळ चालले. शेवटी तिने निकाल दिला, तो खटला संपवण्यापुरता नव्हता; होड्या बंद.

पावसाळा त्यातच गेला. या किनाऱ्याला तसे हे नवे नाही. मृगाच्या आधी होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात लोटायच्या, हा कोकणचा जुना रिवाज. आता यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची सरकारी बंदी असते, तिचा हेतू माशांच्या विणीचा आहे. पण तिचे दिवसही त्याच ऋतूत पडतात. वारा केव्हा वाढेल याचा रोज अंदाज करीत बसण्यापेक्षा कोकणी माणसाने पंचांगातच शीड आखडून ठेवले. अरबी समुद्रातल्या जुन्या गलबतांवर तर लहानमोठी वेगवेगळी शिडे बरोबर असत. वारा वाढला की मोठे उतरवून लहान चढवायचे. हे काम एवढे जड, की ऐनवेळी सुचून उपयोग नाही. तांडेलाला आधीच आकाश वाचावे लागे.

घरात बसून मी पुस्तके वाचली. आमच्यासारख्यांचा प्रायश्चित्ताचा मार्ग तोच. जोशुआ स्लोकम हा १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. जिब्राल्टर सोडल्यावर मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ चाचे त्याच्या पाठीस लागले. अशा वेळी कुणीही असेल नसेल ते शीड वर चढवील. वारा वाढत होता, आणि स्लोकमने चाचे मागे असताना शीड आखडले! चाच्यांनी काहीच कमी केले नाही. ते जवळ येत चालले. तेवढ्यात एक प्रचंड लाट आली. स्लोकमच्या शिडाची आडवी काठी त्या दणक्याने मोडली. त्याने मागे पाहिले, तर चाच्यांची डोलकाठीच मोडून पडली होती. मी ते पान दोनदा वाचले. मागे चाचे असताना या गृहस्थाला शीड कमी करायची लाज वाटली नाही, आणि मला एका जेवणातल्या थट्टेची वाटली.

एकट्याने जाणाऱ्यांना पाहणारे कुणी नसते, हा त्यांचा मोठा फायदा असावा. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ च्या जूनमध्ये फालमथहून निघून १९६९ च्या एप्रिलमध्ये, ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता जगाला वळसा घालून परतला. शर्यतीला निघालेल्या नऊ जणांपैकी पोहोचला तो एकटाच. त्याची ‘सुहेली’ ही ३२ फुटांची सागवानी होडी आपल्या मुंबईत बांधलेली. सफरीचीच होडी, शर्यतीत इतरांपेक्षा संथ. दक्षिणेच्या समुद्रात तीही एकदा आडवी झाली आणि तिची खोली जागची हलली. पण डोलकाठी राहिली. पुढे २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे करणारे ते पहिले भारतीय. आणि २०२४-२५ मध्ये नौदलातल्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी ‘तारिणी’ घेऊन गोव्याहून निघून गोव्याला परतल्या. अशा सफरीवर एक निजते तेव्हा दुसरी जागी असते. जागे असणाऱ्याने निजलेल्याला केव्हा उठवायचे, हा प्रश्न त्यांनाही रोज सोडवावा लागला असणार.

दसऱ्यानंतर दादा मिठाई घेऊन आले. बराच वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. शेवटी हीच म्हणाली, “एका अटीवर.” अट अशी: होडीवर जो कोणी असेल, लहान किंवा मोठा, त्याने रीफ घ्या म्हटले की रीफ घ्यायची. का, कशाला, असे विचारायचे नाही. हसायचे नाही. आणि नंतर जेवताना तो विषय काढायचा नाही. घडी सोडायची झाली तर ज्याने घ्यायला सांगितली त्यानेच सांगायचे. दादा चाळीसएक वर्षे समुद्रावर काढलेले गृहस्थ, त्यांनी दोनतीनदा अट मनात घोळवली आणि म्हणाले, “हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?”

डिसेंबरात आम्ही पुन्हा त्याच वाटेने गेलो. हवा थंड, वारा बेताचा. या वेळी खांदेरीजवळ पोहोचून परत फिरलो तेव्हा तीन वाजले होते. दादा जागे होते. धाकटी डोळ्यांवर हात धरून वायव्येकडे बघत होती. तिकडे पाण्यावर एक काळसर रेघ दिसत होती. वाऱ्याचा झोत येताना पाणी असे काळवंडते. कधी येतो, कधी वाटेतच विरतो.

“दादामामा, रीफ घेऊ या.”

दादांनी रेघेकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट कळले की त्यांना तसे वाटत नव्हते. ते उठले. मी दांडा धरून होडी वाऱ्याला नेली, त्यांनी शीड सोडले, धाकटीने पुढची कडी आकड्यात अडकवली. चार मिनिटे लागली. मी घड्याळ लावले होते.

काळी रेघ विरून गेली. वारा वाढला तर नाहीच, उलट आणखी उतरला. आम्ही गोगलगायीसारखे चालू लागलो. मागून एक मोठी होडी सगळी शिडे पसरून आली आणि आमच्याजवळून गेली. तिच्यावरच्या माणसांनी आमच्या आखडलेल्या शिडाकडे बोट दाखवले, काहीतरी बोलून हसले आणि हात हलवले. मी धाकटीकडे पाहिले. तिने त्यांना हात हलवला.

तासाभराने दादांनी घसा खाकरला. “घडी सोडायची का, बाई? तुम्ही म्हणाल तर.”

तिने वायव्येकडे पुन्हा एकदा नीट पाहिले. “इतक्यात नको.”

दादांनी आणखी एकदा चहा ठेवला. मी पेपरांचा गठ्ठा काढला. प्राँग्जचा दीपस्तंभ लागला तेव्हा दिवे लागले होते, आणि घडी तिने सोडू दिली ती त्यानंतर.

साडेनऊला आम्ही घरी पोहोचलो. ही दारातच उभी होती. जेवण दोनदा गरम करून झाले होते.

“एवढा उशीर?”

“वारा येणार होता,” धाकटी चपला काढत म्हणाली.

“मग? आला का?”

“नाही.”

हिने माझ्याकडे पाहिले, दादांकडे पाहिले. आम्ही दोघेही अटीला जागून गप्प होतो. “बरं, हातपाय धुऊन घ्या,” ती म्हणाली आणि पाने घ्यायला आत गेली.